आधी रांग, मग इडली

बंगळूरमध्ये मैत्रिणींना भेटायचे तर लालबाग रोडवरच्या मावळ्ळी टिफिन रूम्समध्ये, म्हणजेच एमटीआरमध्ये. १९२४ मध्ये सुरू झालेल्या या उपाहारगृहात रविवारी सकाळी नंबर लावून थांबावे लागते. लग्नानंतर चार दिशांना पांगलेल्या आम्हा चौघींच्या खऱ्या गप्पा त्या रांगेतच होतात. कोणाच्या सासूबाईंचे आजारपण, कोणाची सुटलेली नोकरी, सगळे तिथेच कळते. आत गेल्यावर बोलायला सवड कुठली! दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई झाली, तेव्हा इथे रव्याची इडली करू लागले, असे सांगतात. काजू लावलेली ती गरमागरम इडली, वर पातळ तूप, सोबत बटाट्याचा सागू. शेवटी फिल्टर कॉफी. बिल कोणी द्यायचे यावरून दरवर्षी भांडण ठरलेले. यंदा मात्र नोकरी सुटलेल्या मैत्रिणीनेच ते गुपचूप आधी भरून टाकले होते.