सुकट आणि चक्का

पारड्यात सुकटीचा ढीग पडला आणि त्याच्या कडेला एक खेकडा दिसला. करंगळीच्या नखाएवढा, पाय पोटाशी घेतलेला, पूर्ण वाळलेला, पण डोळ्यांचे दोन काळे ठिपके जागच्या जागी. सुकटवाल्या बाईंनी तो चिमटीत उचलून बाजूला टाकला. मी म्हटलं, राहू द्या, मला हवाय. त्यांनी तो परत ढिगावर ठेवला, वर आणखी मूठभर सुकट घातली आणि म्हणाल्या, "कोरडी ठणठणीत हाय ताई, हात लावून बघा."

धाराशिव जिल्ह्यातल्या ईटच्या बाजारातून समुद्र रस्त्यानं तीनशे किलोमीटरांच्या पुढं आहे. मधे सह्याद्री, मधे भीमा, मधे उसाचे आणि ज्वारीचे कितीतरी पट्टे. तरी हा जीव जाळ्यात शिरला त्या क्षणी जसा होता तसा इथं येऊन पोचला. कोकणच्या किनाऱ्यावर डोल जाळं लावतात. भरती-ओहोटीच्या ओढीकडं तोंड करून ते पाण्यात उभं राहतं आणि पाणी जे आणील ते पोटात घेतं. जवळा म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढा झिंगा. तो या ओढीबरोबर थव्यानं येतो. त्याच्या संगतीनं बारीक मासळी, शंख आणि असे पोरवयाचे खेकडेही येतात. मग सगळं उन्हात पसरतात. दोरीवर बोंबील जबड्यात जबडा अडकवून टांगतात, पण जवळ्याला तेवढा मान नाही, तो जमिनीवरच वाळतो. वाळला की त्याची सुकट होते, आणि ती पोत्यांतून घाट चढते.

मी सुकट घ्यायला गेले होते पुतणीच्या पार्टीसाठी. तिला नोकरी लागली, पुण्याहून मैत्रिणी येणार, आणि तिला स्लॅबवर जेवण हवं होतं. पुण्यातल्या कुठल्याशा हॉटेलात तिनं खेकड्याचं गार डिप खाल्लं होतं. बर्फात ठेवलेली वाटी, भोवती कडक बिस्किटं. फोनवर म्हणाली, "काकू, तसलंच कायतरी कर की. गार. बुडवून खायचं."

ताजी समुद्राची मासळी आमच्याकडं नाही असं नाही. बर्फातली कोळंबी कधीमधी येते, पण केलेला प्रवास तिच्या अंगावर दिसतो. उजनीची चिलापी आणि कटला येतो, आणि तो रश्श्यातच शोभतो. गार खायच्या पदार्थाला मला सुकटच पटते. उन्हानं तिचं जे करायचं ते आधीच करून ठेवलेलं असतं, त्यामुळं वाटेत तिचं बिघडत काही नाही. आणि डिपचा दुसरा अर्धा भाग तर आमच्या दारातच आहे. आमचा भूम तालुका दुधाचा. गावोगाव खव्याच्या भट्ट्या, मोठ्या कढया, त्यांत फिरणारे लांब दांड्यांचे खुरपे. पाच-साडेपाच लिटर दूध आटलं की किलोभर खवा होतो. कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा इथल्या लोकांना फार आनंद झाला, मलाही झाला. मला स्वतःला पेढ्यापेक्षा नुसता ताजा खवा आवडतो, साखर न घातलेला, अजून कोमट असलेला. ज्या मुलखात इतकं दूध आहे तिथं चांगला चक्का न मिळून कसं चालेल? म्हशीचं दही, स्वच्छ पंचा, रात्रभर खुंटीला टांगलेलं गाठोडं. सकाळी दह्याच्या निम्म्याहून कमी वजनाचा चक्का हाती येतो.

समुद्रापासून दूर असलेल्या माणसांना मासळीची आस नसते असं किनाऱ्यावरच्या लोकांना वाटतं. ते खरं नाही. इथून पूर्वेला कल्याणी आहे, आजचं बसवकल्याण. तिथल्या सोमेश्वर चालुक्यानं 1129 च्या सुमारास 'मानसोल्लास' रचला. त्यात गळ टाकून मासे धरण्याच्या विनोदावर वेगळं प्रकरण आहे. समुद्राचे मासे कुठले, नद्यांचे कुठले, खवल्यांचे कुठले, बिनखवल्यांचे कुठले, कुणाला कोणतं आमिष लावायचं, हे सगळं पठारावर राहणाऱ्या राजानं बारकाईनं सांगितलं आहे.

सुकट भाजायचा तवा आमच्या घरात वेगळा. अजूनही आहे. मागच्या दारी तीन दगडांची चूल, तिच्या वरच्या कोनाड्यात तो पालथा पडलेला असतो. सासूबाई माळकरी. त्यांनी सुकट कधी खाल्ली नाही, पण भाजावी ती त्यांनीच. आधी सुपात पाखडायची. रेती, काड्या, शिंपल्यांचे तुकडे वेगळे पडतात. मग मंद आचेवर, तेलाचा थेंब न घालता. चाखायची सोय नसल्यानं त्या कानानं भाजत. पहिल्यांदा तव्यावर नुसती सळसळ, मग ती हलकी होत जाते, मग एकेक सुकट वेगळी वाजू लागते, आणि त्या तवा उतरवत. वास गल्लीभर. शेजारच्या पोरांना कळायचं, आज यांच्याकडं काय आहे ते. घरात पाहुणे असले की मात्र सुकट व्हायची नाही. पाहुण्यांना कोंबडं, मटण, नाहीतर शाकाहारी असतील तर पुरणपोळी. सुकट आपली आपल्यात, पाऊस लागून भाजी मिळेनाशी झाली की, भाकरीच्या कडेला.

ही लाज कुठून आली असेल याचा मी बराच विचार केला आहे. सुकट स्वस्त, म्हणून गरिबाची. वास लांब जातो, म्हणून चारचौघांतली नव्हे. धाराशिव जिल्ह्यातलेच शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' 2015 साली आलं. मराठवाड्यातल्या दलितांच्या चुलीवर काय शिजत होतं ते त्यांनी नावानिशी, कृतीनिशी लिहून ठेवलं. पाककृतींच्या छापील पुस्तकांनी ज्या पदार्थांकडं पाहिलंही नव्हतं ते तिथं ताठ बसलेले दिसले. ते वाचल्यावर कोनाड्यातल्या त्या पालथ्या तव्याकडं मी वेगळ्या नजरेनं पाहू लागले.

चक्क्यात सुकट घालणार हे ऐकल्यावर सासूबाई एवढंच म्हणाल्या, "मासळीवर दूध नको गं बाई. अंगावर डाग उठतात."

हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरानं ऐकलेलं वाक्य आहे. ते कुठून येतं हे शोधायला मी कपाटातली 'चरकसंहिता' काढली. सूत्रस्थानाचा सव्विसावा अध्याय, आत्रेयभद्रकाप्यीय. जेवणाची आवड असलेल्या प्रत्येकानं तो एकदा वाचावा असं मला मनापासून वाटतं. चैत्ररथ नावाच्या रम्य वनात ऋषी आणि वैद्य जमले आहेत आणि चर्चा चालली आहे ती चवीची. रस मुळात किती? भद्रकाप्य म्हणतो, एकच, आणि तो पाण्याहून वेगळा नाही. शाकुंतेय म्हणतो, दोन. मौद्गल्य पूर्णाक्ष तीनवर ठाम. कौशिक हिरण्याक्षाचे चार, कुमारशिरा भरद्वाजाचे पाच. मग वार्योविद हा राजर्षी उठतो आणि म्हणतो, सहा. पण त्याचे सहा आपण पाठ केलेले सहा नव्हेत. जड, हलका, गार, ऊन, स्निग्ध आणि रूक्ष, असे त्याचे सहा. मला हा राजर्षी एकदम जवळचा वाटला. गारपणा ही स्वतंत्र चव आहे, हे उन्हाळ्यात ईटला राहणाऱ्या माणसाला कुणी समजावून सांगायला नको. पण या सगळ्यांत गुरुस्थानी असलेला आत्रेय पुढं त्याचं मत खोडून काढतो. हे द्रव्याचे गुण आहेत, रस नव्हेत, म्हणतो. शास्त्र म्हणून ते बरोबरच आहे. तरीही दुपारी माठातलं पाणी पिताना माझं मत वार्योविदालाच जातं.

त्याच्यानंतर विदेहाचा निमी सातवा रस मांडतो, क्षार. बडिश धामार्गव त्यापुढं जातो आणि आठवा मागतो. त्याचं नाव अव्यक्त, म्हणजे जिभेला लागतो पण सांगता येत नाही असा. शेवटी बाह्लीक देशाचा वैद्य कांकायन, पार बल्खकडचा, म्हणतो की रस मोजताच येणार नाहीत. आत्रेय सगळ्यांचं शांतपणे ऐकतो आणि निकाल देतो: मधुर, आम्ल, लवण, कटू, तिक्त, कषाय. सहा.

हा निकाल आपण शतकानुशतकं पाळला. पण भाजलेली सुकट जिभेवर ठेवून पाहा. ती खारट आहे, पण खारटपणावर ती संपत नाही. गोडसर आहे, पण तो गोडवा साखरेचा नाही. लाळ सुटते आणि घास गिळल्यावरही चव मागं राहते. जपानमध्ये इकेदा या रसायनशास्त्रज्ञानं 1908 साली समुद्री शेवाळाच्या सारातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि या चवीला 'उमामी' म्हटलं. 1913 साली कोदामानं वाळवलेल्या माशातून तिचा दुसरा घटक शोधला. वाळवलेला मासा! बडिश धामार्गवाला ते वाचायला मिळालं असतं तर, असं मला फार वाटतं. त्या वनात सुकटीचा एखादा तवा असता तर आठव्या रसाची बाजू इतक्या सहज पडली नसती.

तर मासा आणि दूध. त्याच अध्यायात पुढं विरुद्ध आहाराचा विषय निघतो. आत्रेय सांगतो की दोन्ही मधुर खरे, पण दूध शीत आणि मासा उष्ण, म्हणून एकत्र आले की रक्त बिघडवतात, शरीरातले मार्ग अडवतात. लगेच तोच भद्रकाप्य मधे बोलतो. सगळे मासे दुधाबरोबर चालतात, म्हणतो, फक्त चिलिचिम सोडून. आणि या चिलिचिमाचं वर्णनही येतं: खवल्यांचा, लाल डोळ्यांचा, अंगभर लाल रेघा, आकारानं रोहितासारखा, बहुधा जमिनीवर फिरणारा. आत्रेय म्हणतो, नाही, कुठलाच मासा नको, चिलिचिम तर मुळीच नको. असा हा वाद, नावानिशी नोंदलेला. एका बाजूनं निषेध आहे, दुसऱ्या बाजूनं अन्न चाखलेल्या माणसाची हरकत आहे, आणि ग्रंथानं दोन्ही ठेवली आहेत. आपल्या घरांत मात्र निषेध तेवढा उरला.

मी सासूबाईंना हे सगळं वाचून दाखवलं. दूध शीत मानलं आहे, दही उष्ण. म्हणजे गार-उन्हाचं भांडण चक्क्याला तसं लागत नाही. बंगालात तर दह्यातला मासा लग्नाच्या पंगतीत वाढतात. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि रात्रीच्या दह्याचं काय लिहिलंय?" लिहिलं आहे. रात्री दही खाऊ नये, असं चरकानंच सांगितलं आहे. म्हणून डिप दिवस मावळायच्या आत वाढायचं ठरलं. जेवण नंतर.

आता कृती. भाजलेली सुकट पूर्ण निवू द्यायची. निम्मी हातानं भरड चुरायची, निम्मी अख्खी बाजूला. चक्का घोटायचा नाही, श्रीखंडासारखा गुळगुळीत झाला की त्याचा तोरा जातो. त्यात ठेचलेला लसूण, हिरव्या मिरचीचा ठेचा, अगदी बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर आणि शेंगदाण्याचं जाडसर कूट. कूट आम्ही कशातही घालतो, आणि ते बरोबरच आहे. चुरलेली सुकट मिसळायची आणि मग मिठाकडं वळायचं, कारण समुद्र आपलं मीठ घेऊनच आलेला असतो. गार झाल्यावर मीठ आणि तिखट जिभेला कमी लागतं, म्हणून चाखताना थोडं पुढं वाटेल इतकं ठेवायचं. दोन-तीन तास फ्रीजमध्ये. अख्खी सुकट वाढायच्या क्षणी वरून, म्हणजे ती कुरकुरीत राहते. वीज गेली तर रसवंतीवाल्याकडून बर्फाची लादी आणायची, ठेचून परातीत भरायची आणि त्यात पातेलं बसवायचं. उन्हाळ्यात हे भांडं बर्फाबाहेर फार वेळ ठेवू नये. आणि पाहुण्यांना आधी विचारावं. झिंगे-खेकड्यानं ज्यांच्या अंगावर गांधी उठतात त्यांच्यासाठी सुकट घालण्याआधीच वेगळी वाटी काढावी.

बुडवायला बिस्किटं लागत नाहीत. सोलापूर-धाराशिवकडची कडक भाकरी आहे. ज्वारीची, कागदाजवळ जाणारी, मोडली की टणत्कार करणारी. तिचा तुकडा चक्क्यात घातला की मातीची ज्वारी, गोठ्याचं दही आणि खाऱ्या पाण्याचा जवळा एका घासात येतात.

पातेलं स्लॅबच्या मधोमध ठेवलं. वास आला, तो लपवला नाही. पुतणीनं मैत्रिणींना सांगितलं, "ही सुकट. आमच्याकडं ही अशी असते." खेकडा मी वर ठेवला होता. तो कुणी खाल्ला नाही, सगळ्यांनी हातात घेऊन पाहिला.

सुकट घ्यायची तर मृगाच्या आधी घ्या. 1 जून ते 31 जुलै राज्यात यांत्रिक मासेमारी बंद असते, आणि पावसाळी हवेत वाळवण नीट होत नाही. मुठीत दाबली की कुरकुरली पाहिजे. ओलसर लागली, किंवा वासात कुबटपणा आला, तर कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. आणली की एकदा कडक ऊन द्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, आणि पाहुणे आले म्हणून तो डबा मागच्या दारी नेऊ नका.