आधी थांबायची सोय

आयटीआयमध्ये मी फिटरच्या मुलांना शिकवतो. गुणोत्तर समजावताना फळ्यापाशी मी उभा असलो, तरी शिकवण माझी नसते. ती राजेगावच्या एका वेल्डिंग मिस्त्रींची आहे. सारं गाव त्यांना काकाजी म्हणायचं. त्यांचं ऋण फेडणं माझ्या हातून होणार नाही. निदान त्याची नोंद व्हावी, म्हणून हे लिहितो आहे.

राजेगाव बालाघाट जिल्ह्याच्या सीमेवरचं गाव. बाघ नदीचा पूल ओलांडला की महाराष्ट्र, पुढे गोंदिया. आमची धानाची शेती. बारावीला माझं विज्ञान होतं. बल, वेग, घर्षण यांची सूत्रं पाठ होती, पण त्यांचा हाताशी काही संबंध असतो हे ठाऊक नव्हतं. स्वतःची पेट्रोलवर चालणारी स्कूटर बनवायचं मनानं घेतलं, तेव्हा इंजिन मिळालं की काम झालं असंच वाटत होतं. धान कापायच्या जुन्या ब्रश कटरचं 43 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन घेऊन मी काकाजींच्या दुकानात गेलो.

त्यांनी इंजिन हातातही घेतलं नाही. "ब्रेक कुठी आहे?" एवढंच विचारलं. मी गप्प. तेव्हा म्हणाले, "आधी थांबवाची सोय कर बाबू, मंग पळवाची."

मग गोंदियाच्या भंगारातून चाकं आणली, चौकोनी पाइपाची फ्रेम उभी राहिली आणि मागच्या चाकाला बँड ब्रेक बसला. गाडी हातानं ढकलायची आणि ब्रेक दाबायचा, हे काकाजींचं मन भरेपर्यंत चाललं. इंजिनाला त्यानंतरच हात लागला.

खरा धडा पुढे होता. इंजिनाचा दांडा सरळ चाकाला जोडावा, अशी माझी समजूत होती. काकाजींनी खडू दिला आणि जमिनीवर हिशेब मांडायला लावला. इंजिन मिनिटाला 6,000 फेरे घेणार. चाकाचा घेर 80 सेंटिमीटर. म्हणजे गाडी ताशी 288 किलोमीटर पळायला हवी! तेवढ्याशा इंजिनात ती ताकद कुठून येणार? ते जागेवरच बंद पडलं असतं. मग मधे एक दांडा घातला. 10 दात्यांवरून 25 दात्यांवर, तिथून पुन्हा 10 वरून 40 वर. इंजिनाचे 10 फेरे झाले की चाकाचा एक. वेग ताशी 29 किलोमीटरच्या आत आला आणि चाकाचा जोर, घर्षणात जाईल तेवढा सोडला, तर दसपट झाला. वेग सोडावा तेव्हा जोर मिळतो, हे मला पुस्तकानं सांगितलं होतं. समजलं ते त्या खडूच्या रेघांत.

चेन सारखी उतरायची. काकाजींनी शिलाईचा दोरा काढला, दोन्ही स्प्रॉकेटांच्या कडांना ताणून लावला. एका कडेशी दोरा किंचित सुटा राहत होता. बोल्ट सैल करून स्प्रॉकेट केसभर सरकवलं, दोरा चारही जागी टेकला आणि चेन पुन्हा उतरली नाही. पेट्रोलमध्ये लिटरमागे 40 मिलि ऑइल कशासाठी, तेही त्यांनी इंजिन उघडून दाखवलं. या इंजिनात ऑइलची वेगळी टाकी नसते. पेट्रोलची वाफ क्रँकच्या बेअरिंगवरून जाते, त्या वाटेनंच वंगण पोचतं. ऑइल विसरलं की पिस्टन जाम.

स्कूटर शेतातल्या वाटेवर चालली. तिला रस्त्यावर नेऊ नको, हे काकाजींनी बजावलं होतं आणि ते मी पाळलं.

पुढे शिकलो, नोकरीला लागलो, तेव्हा हाती येईल त्यातून गाडी घडवायचा हा वारसा किती मोठा आहे ते कळलं. 1946 मध्ये जपानच्या हामामात्सुत सोइचिरो होंडांनी लष्कराच्या वायरलेस संचांची उरलेली छोटी इंजिनं सायकलींना बसवून सुरुवात केली होती. आपल्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून किक मारून सुरू होणारी चारचाकी बनवली. ती नियमात बसत नाही म्हणून आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली आणि जानेवारी 2022 मध्ये दिलीही. घरी बनवलेलं वाहन नोंदणीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही, हा कायदा आहे आणि तो योग्यच आहे. काकाजींची ताकीद कायद्याच्या पुस्तकातून आली नव्हती, पण तिच्यामागची काळजी तीच होती.

आज काकाजी नाहीत. त्यांनी माझ्याकडून मजुरीचा एक रुपया घेतला नाही. माझ्या वर्गात मात्र पहिलं काम ब्रेकचंच असतं. तुमच्या घरातलं पोर मोडकं इंजिन घेऊन आलं, तर त्याला रागावू नका. गावातल्या जाणत्या मिस्त्रीकडे घेऊन जा आणि गाडी पळवण्याआधी तिला थांबवायला शिकवा.