रत्नागिरीचा राजकैदी

रत्नागिरी शहरात, भाट्याच्या खाडीजवळच्या एका टेकडीवर तांबड्या रंगाचा एक जुना राजवाडा उभा आहे. तो १९१० साली बांधून झाला. राजवाडा खरा, पण त्यात राहणाऱ्या राजाला राज्य नव्हते. तो ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा, आणि येथे तो इंग्रजांचा कैदी होता.

गादीवर येण्यापूर्वी थिबा मंडाले येथील विहारात शिकत असे. १८७७ साली तो पाली धर्मग्रंथांच्या एका अवघड परीक्षेत उत्तीर्ण झाला. भगवान बुद्धांनी सारनाथला पाच भिक्षूंना केलेला पहिला उपदेश त्याला तोंडपाठ असणारच. त्या उपदेशात बुद्ध एखाद्या निष्णात वैद्यासारखे बोलतात. वैद्य आधी रोग ओळखतो, मग त्याचे कारण शोधतो, तो बरा होईल असा धीर देतो आणि शेवटी औषध सांगतो. जगात दुःख आहे. ते तृष्णेतून उपजते. तृष्णा निमाली की दुःखही निमते. आणि तेथवर नेणारा मार्ग आहे. हीच ती चार आर्यसत्ये. तृष्णा म्हणजे साधी तहान नव्हे. ‘हे माझेच असावे, माझ्यापाशीच राहावे’ हा मनाचा हट्ट म्हणजे तृष्णा. खारे पाणी पिऊन तहान वाढावी, तशी ती भागवू जाता वाढतच जाते.

थिबा १८७८ साली राजा झाला. पुढच्याच वर्षी, गादीवर हक्क सांगू शकतील अशा त्याच्या अनेक भावंडांना व आप्तांना ठार मारण्यात आले. ती आज्ञा त्याची की दरबारातील इतरांची, याविषयी मतभेद आहेत. पण राजाने ते थांबवले नाही. पाठ केलेले आणि पचलेले यांत केवढे हे अंतर!

१८८५ साली इंग्रजांनी मंडाले जिंकले. वयाच्या सव्विसाव्या वर्षी थिबाचे राज्य गेले, आणि १८८६ साली त्याला सहकुटुंब रत्नागिरीस आणण्यात आले. योगायोग असा की, पुढे याच रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांना इंग्रजांनी मंडालेच्या तुरुंगात ठेवले!

प्रियांचा वियोग, अप्रियांचा सहवास आणि हवे ते न मिळणे, ही सारी दुःखेच, असे बुद्धांनी सांगितले होते. थिबाच्या दारी ती तिन्ही आली. नेमणूक पुरेना, म्हणून त्याने जवळची माणके विकली. सरकारकडे अर्जांमागून अर्ज केले. सिद्धार्थानेही राजवाडा गमावलाच होता. पण तो त्याने आपण होऊन सोडला होता. थिबाचे राज्य सुटले, त्याने ते सोडले नव्हते. सुटलेल्या वस्तूमागे मन धावत राहते, सोडलेल्या वस्तूमागे ते धावत नाही.

फाटकाबाहेर जाण्यास थिबाला परवानगी लागे. बुद्धांचा अष्टांगिक मार्ग मात्र पहाऱ्यातही मोकळा होता. नीट पाहावे, खरे बोलावे, कोणास दुखवू नये, मन जागे ठेवावे, यांसाठी कोणाची परवानगी लागते? त्या वाटेवर तो किती चालला, हे त्याचे त्यालाच ठाऊक.

डिसेंबर १९१६ मध्ये थिबा रत्नागिरीतच वारला. राणी सुपयालत १९१९ साली मायदेशी परतली. राजाची समाधी येथेच राहिली. २०१२ साली ब्रह्मदेशाचे, म्हणजे आताच्या म्यानमारचे, तेव्हाचे अध्यक्ष थेन सेन समुद्र ओलांडून त्या समाधीच्या दर्शनास आले होते.