मिलिमीटरभर उंच

फलाट आधी बांधावा, बाकीचं सगळं मागून. घरातल्या टाकाऊ वस्तूंतून रेल्वे स्टेशनचं मॉडेल करायला बसलेला माणूस बहुधा उलट वागतो. छप्पर, पूल, तिकीटघर, घड्याळ असं नजरेत भरणारं आधी उरकतो आणि फलाटाच्या नावानं खाली पुठ्ठ्याची एक पट्टी सरकवून देतो. मुंबईच्या उपनगरी मार्गावर मात्र स्टेशन म्हणजे मुळात फलाटच. माणसं उभी राहतात तिथं, धावतात तिथं, चढतात-उतरतात तिथं. तो जमला की बाकीचं स्टेशन त्याच्यावर आपसूक उभं राहतं.

मी सिल्व्हर पार्कला राहतो. मीरा-भाईंदर रोडवर गजबज असते, वर मेट्रोचा मार्ग, खाली बस आणि रिक्षा. यातल्या कितीतरी रिक्षा सकाळी एकाच दिशेनं जातात, मीरा रोड स्टेशनकडे. दहिसर आणि भाईंदर यांच्या मधलं हे स्टेशन आमच्या वस्तीचा खरा दरवाजा आहे. स्टेशन करायचं तर हेच, हे माझ्या मनानं पहिल्यापासून धरलं होतं. बाजारात तयार किट मिळतात, देखणेही असतात, पण ती बहुतेक युरोपातली स्टेशनं. उतरतं कौलारू छप्पर, टुमदार इमारत आणि बुटका फलाट. आपली लोकल त्या फलाटाला लावली की गाडी एकीकडे आणि स्टेशन दुसरीकडे असं दिसतं. लोकलचं स्टेशन हवं असेल तर ते हातानंच करावं लागतं, आणि हातानं करायचं तर सामान घरात आहेच.

आपल्याकडे ही कला नवी नाही. दिवाळीत अंगणात नाहीतर जिन्याखाली किल्ला करणारी पोरं हेच करत आली आहेत. विटांचे तुकडे, गोणपाट, चिखल, वर पेरलेले हळीव. गणपतीच्या देखाव्यातही पुठ्ठ्याची लोकल हौसेनं धावते. २०१८ साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हा अनेक घरांतले हात पुन्हा पुठ्ठ्याकडे वळले. किल्ल्यात मात्र एक सूट असते. मावळा बुरुजाहून उंच असला तरी कुणी हरकत घेत नाही. स्टेशनात ही सूट नाही, कारण पाहणारा प्रत्येक जण तिथं रोज उभा राहिलेला असतो. माप चुकलं तर काय चुकलं ते त्याला सांगता येत नाही, पण काहीतरी खटकतंय हे त्याला लगेच कळतं.

मी एचओ हे माप धरलं, म्हणजे १:८७. पुण्याला कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. १ एप्रिल १९९८ रोजी ते लोकांसाठी खुलं झालं. तिथं याच मापात गाड्या, सिग्नल, रस्ते, घरं असं सगळं एकमेकांना धरून चालतं. ज्याला या कामाची गोडी लागली आहे त्यानं तिथं जाऊन फक्त मापाकडे बघत बसावं. या मापात खरा एक मीटर साडेअकरा मिलिमीटरचा होतो. मध्यम उंचीचा माणूस एकोणीस मिलिमीटरचा. लोकलचा एक डबा साधारण चोवीस सेंटिमीटर भरतो आणि बारा डब्यांची गाडी जवळजवळ तीन मीटर. आमच्या हॉलची एक भिंत तिथंच संपते. म्हणून मी स्टेशनचा दोन डब्यांपुरताच तुकडा केला, पण तो पुऱ्या मापात. अख्खं स्टेशन आखडून बसवण्यापेक्षा तुकडा प्रामाणिक असलेला बरा.

माप ठरलं की घरातल्या वस्तूंकडे बघायची नजर बदलते. छपराचंच घ्या. खोक्याच्या पुठ्ठ्याचा वरचा कागद ओला करून सोलला की आत लाटा दिसतात, आणि पत्र्याचं छप्पर म्हणून बहुतेक जण त्या तशाच लावतात. पण त्या लाटांमधलं अंतर सहा-सात मिलिमीटर असतं. मोठं करून पाहिलं तर ती लाट अर्ध्या मीटरच्या पुढे जाते. असा पत्रा जगात कुठंच नसतो. खऱ्या पत्र्याची लाट साडेसात सेंटिमीटरच्या आसपास असते, म्हणजे आपल्या मापात मिलिमीटरहूनही थोडी कमी. एवढं बारीक आणि सारख्या अंतराचं घरात काय असतं? उवा काढायची फणी.

ज्या गोळ्या दोन्ही बाजूंनी चंदेरी पत्र्यात येतात त्यांची रिकामी पट्टी घ्यायची. वाटीच्या बुडानं घासून ती सपाट करायची, फणीच्या दातांवर धरायची आणि शाई संपलेल्या रिफिलचं टोक दोन दातांमधल्या प्रत्येक खाचेतून हलक्या हातानं ओढायचं. जोर जास्त झाला तर पत्रा फाटतो, कमी झाला तर लाट उठत नाही. बोटाला ती खाच लागली की समजावं जमलं. फणीचे दात दीडेक सेंटिमीटर लांब, म्हणून पट्टीही तेवढीच रुंद निघते. अशा पट्ट्या किंचित एकावर एक चढवत बसवल्या की छप्पर खऱ्या छपरासारखंच ओळीओळीनं चढत जातं. वर फिका राखाडी रंग आणि जोडांपाशी विटेची भुकटी बोटानं पुसली की पावसाळे पाहिलेला पत्रा तयार होतो.

रुळांचंही असंच. आपल्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर, मॉडेलात ते एकोणीस मिलिमीटरच्या थोडं वर जातं. एचओचा तयार रूळ मात्र साडेसोळाचा असतो, कारण तो परदेशातल्या कमी रुंदीच्या मार्गाचा आहे. त्यावर आपला डबा ठेवला की बूड अरुंद आणि धड रुंद दिसतं. माझ्या स्टेशनात गाडी उभीच राहणार होती, त्यामुळे मोडक्या छत्रीच्या सगळ्यात बारीक काड्या रूळ म्हणून चालल्या. त्यांच्या बाजू गंजाच्या रंगानं रंगवल्या आणि माथा पॉलिशपेपरनं चमकवला. स्लीपर काडेपेटीतल्या काड्यांचे, बत्तीस मिलिमीटरला कापलेले आणि सात-सात मिलिमीटरवर मांडलेले, कारण खऱ्या मार्गावर किलोमीटरला साधारण १६६० स्लीपर असतात. खडीसाठी उकळून झालेली चहाची पूड कडक उन्हात वाळवून चाळली. रवा दिसायला चांगला, पण मुंग्या तो ठेवत नाहीत. पाणी मिसळलेल्या फेव्हिकॉलमध्ये भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकला की तो पुडीत खोलवर मुरतो. खाडी आणि मिठागरांच्या या पट्ट्यात हवा कायम दमट, म्हणून पुठ्ठ्याला दोन्ही अंगांनी वॉर्निश हवंच. एका अंगानं दिलं तर दुसरं अंग दमट हवा पितं आणि फलाट वाकतो. शेजारच्या काकूंना हे सगळं आता ठाऊक आहे. "हे तुमच्या स्टेशनला चालतंय का बघा हो," म्हणत त्या गोळ्यांच्या पट्ट्या आणून देतात.

आता फलाट. खोक्याच्या तीन पदरी पुठ्ठ्याचे तीन थर, प्रत्येक थराच्या लाटा आडव्या-उभ्या फिरवून चिकटवले की नऊ मिलिमीटर भरतात. वर जाड लग्नपत्रिकांचे दोन पदर. उंची रुळाच्या माथ्यापासून मोजायची, म्हणून खडीची जाडी खाली वेगळी धरायची. असा फलाट साडेनऊ मिलिमीटरच्या थोडा वर जातो. मुंबईतले जुने फलाट ७६० ते ८४० मिलिमीटर उंच असत, त्यातला हा ८४०चा.

जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपर स्टेशनात एक कॉलेजवयीन मुलगी लोकल पकडताना फलाट आणि गाडीमधल्या पोकळीत पडली आणि तिनं दोन्ही हात गमावले. प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला, आणि नंतर उपनगरी फलाटांची उंची ९०० ते ९२० मिलिमीटरपर्यंत वाढवण्यात आली. ८४० ते ९२०, फरक आठ सेंटिमीटरचा. माझ्या मापात तो एक मिलिमीटरही भरत नाही. लग्नपत्रिकेचे आणखी तीन पदर, बस.

ते तीन पदर मी फलाटावर चढवले आणि डबा शेजारी उभा केला. पत्रिकेवरचं सोनेरी नक्षीकाम राखाडी रंगाखाली गेलं आणि दारापुढची पोकळी नजरेला आवळलेली दिसली. मॉडेल करणाऱ्या माणसाला एक मिलिमीटर म्हणजे हाताची चूक वाटते, फायलीनं घासून टाकायची गोष्ट. या मिलिमीटरसाठी मात्र माणसं जायबंदी झाली, कोर्टात तारखा पडल्या, गवंडी कामाला लागले. फलाटावर मोहरीच्या डोक्याची माणसं चिकटवताना मी ती काठापासून थोडी आत लावतो. खऱ्या फलाटावर ती तशी उभी नसतात, हे मलाही माहीत आहे.

टाकाऊतून टिकाऊ ही म्हण या कामाला पुरत नाही. वस्तू टिकेल की नाही हा पुढचा प्रश्न, आधी ती मापात बसली पाहिजे. फणी, छत्रीची काडी, पत्रिका यांत कोणतीही जादू नाही. खऱ्या स्टेशनाचा आकडा डोक्यात पक्का असला तरच हात बरोबर त्या वस्तूवर जातो. तो आकडा कुणीतरी माणसाच्या शरीराकडे बघून ठरवलेला असतो, त्याचं पाऊल, त्याचा गुडघा, त्याच्या काखेतली पिशवी. ज्याला असं स्टेशन करायचं आहे त्यानं कात्री नंतर उचलावी. आधी आपल्या फलाटावर एखादी लोकल जाऊ द्यावी आणि पुढच्या लोकलच्या दारात चढणाऱ्या म्हाताऱ्या बाईचं पाऊल किती वर उचललं जातं ते नीट बघावं. पुठ्ठ्याचे थर किती लावायचे, ते त्यावरून ठरतं.