नद्यांच्या माहेरी एक दिवस

शहरात राहणाऱ्या कुटुंबाच्या वाट्याला सुटीचा एखादाच दिवस येतो आणि त्या दिवशी घरातल्या प्रत्येकाचा बेत निराळा असतो. मुलांना डोंगर हवा असतो, आजीला देऊळ हवे असते आणि गृहिणीला एक वेळचा स्वयंपाक चुकला तरी पुष्कळ वाटते. बंगळूरच्या पूर्वेस, के. आर. पुरम येथे बिऱ्हाड असलेल्या किंवा तेथे नातलगांकडे उतरणाऱ्या मंडळींना या साऱ्यांचा मेळ घालणारे एक ठिकाण जवळच आहे. ते म्हणजे नंदीदुर्ग.

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे, तर नंदीदुर्गाचा माथा १,४७८ मीटरांवर. साठेक किलोमीटरच्या प्रवासात आपण बरेच वर चढतो आणि हवा तीन-चार अंशांनी गार होते. म्हणून स्वेटर व कानटोपी सोबत घ्यावी आणि पहाटे पाचच्या सुमारास निघावे. रविवार शक्यतो टाळावा, कारण त्या दिवशी सूर्योदयाआधीच वाहनांची रांग लागते. गडावर वाहने नेण्याचे नियम वेळोवेळी बदलतात, तेव्हा आदल्या दिवशी चौकशी केलेली बरी.

पुष्कळ लोक हेब्बाळच्या हमरस्त्याने जातात. के. आर. पुरमच्या रहिवाशांनी मात्र जुन्या मद्रास रस्त्याने पुढे होऊन बुदिगेरे फाट्यावर डावीकडे वळावे व देवनहळ्ळी गाठावी. शहराची गर्दी तर टळतेच, शिवाय वाटेत येले मल्लप्पा शेट्टी यांचा विस्तीर्ण तलाव दिसतो. कानडीत ‘येले’ म्हणजे पान. विड्याच्या पानांच्या व्यापारात मिळवलेले धन या गृहस्थांनी लोकांच्या पाण्यासाठी वेचले, असे सांगतात. या तलावाचे पाणी दक्षिण पिनाकिनी नदीकडे जाते. होसकोट्याजवळून वाहणारी ही नदी पुढे तमिळनाडूत जाऊन कडलूरजवळ समुद्राला मिळते. तिचा उगम आहे नंदीच्या डोंगरांत. म्हणजे या वाटेने जाताना आपण आपल्याच परिसरातील नदीच्या माहेरी निघालेलो असतो. मुलांना हे गाडीतच सांगून ठेवावे.

गडावर टिपू सुलतानाचा उन्हाळी महाल, त्याच्या नावाने ओळखला जाणारा भयंकर कडा, योगनंदीश्वराचे मंदिर आणि अमृतसरोवर ही पाहण्याची ठिकाणे आहेत. १७९१ साली कॉर्नवॉलिसच्या सैन्याने हा किल्ला टिपूकडून घेतला. १९२७ साली आजारातून उठलेले महात्मा गांधी विश्रांतीसाठी येथे राहिले होते आणि १९३६ साली पुन्हा आले होते. येथे माकडांचा उपद्रव फार, तेव्हा दशम्यांचा डबा उघड्यावर सोडू नये.

कड्यापाशी उभे राहून मात्र मुलांना चारही दिशा दाखवाव्यात. याच डोंगररांगेतून उत्तर पिनाकिनी आंध्राकडे, दक्षिण पिनाकिनी तमिळनाडूकडे आणि अर्कावती कावेरीकडे निघते. अर्कावतीवरील हेसरघट्ट तलावातून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगळूरला नळाचे पाणी मिळू लागले. १९३३ साली त्याच नदीवर तिप्पगोंडनहळ्ळी येथे धरण झाले. आज ही नदी वर्षाचा बराच काळ कोरडी असते आणि १९७४ पासून शहर कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरांवरून, उंचावर चढवून आणते. ज्या डोंगराने एके काळी शहराची तहान भागवली, तो आता केवळ मौजेचे स्थान होऊन राहिला आहे.

दहाच्या सुमारास गड उतरून पायथ्याच्या नंदी गावी यावे. येथील भोगनंदीश्वराचे मंदिर नवव्या शतकातील आहे. ते सपाट जागी असल्यामुळे वडीलधाऱ्यांना दर्शन सुकर होते. आवारातील शृंगीतीर्थ ही पायऱ्यांची पुष्करिणी अवश्य पाहावी. नंदीने शिंगाने भूमी भेदून गंगा येथे आणली, अशी कथा आहे आणि हेच दक्षिण पिनाकिनीचे मूळ, अशी लोकांची श्रद्धा आहे.

जवळच मुद्देनहळ्ळी हे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे जन्मगाव. १८६१ साली जन्मलेल्या या अभियंत्याचे शिक्षण पुण्यास झाले आणि १९०३ साली खडकवासला धरणावर त्यांनी तयार केलेले स्वयंचलित दरवाजे बसले. पाण्याचा विचार करण्यात आयुष्य वेचणारा हा पुरुष ज्या भूमीत जन्मला, तिला बारमाही नदी नाही. तेथील त्यांचे स्मारक पाहून दुपारी परतीस लागल्यास दिवेलागणीपूर्वी घरी पोहोचता येते.

परतताना एक गोष्ट मुलांच्या कानावर घालावी. २०१८ पासून बंगळूरचे वापरलेले पाणी शुद्ध करून कोलारच्या आणि त्यानंतर चिक्कबळ्ळापूरच्या तलावांत सोडले जाऊ लागले आहे. डोंगराच्या पायथ्याची गावे आज शहराने वापरून टाकलेल्या पाण्याची वाट पाहतात. हे ज्या मुलाला समजले, ते घरातला गळका नळ बंद करण्यास आपणहून उठेल. निदान गडावर रिकामी बाटली टाकून येणार नाही.