तापीखोऱ्यातून अलेक्झांड्रियाकडे

धुळ्याहून सुरतेकडे निघालेली एसटी साक्री सोडते, कोंडाईबारीचा घाट उतरते आणि विसरवाडी, नवापूर करत गुजरातेत शिरते. पुढे सोनगड लागतं. पिलाजीराव गायकवाडांचा किल्ला इथल्या डोंगरावर आहे आणि मराठ्यांच्या इतिहासाची ओढ असणाऱ्याने इथे उतरायलाच हवं. पण ज्या कारणासाठी ही वाट धरायची ते वेगळं असल्याने सोनगड आणि व्यारा खिडकीतूनच पाहावे लागतात. धर्मकाव्य दुसऱ्या भाषेत नेताना छंद ठेवायचा की सोडायचा, हा फार जुना प्रश्न आहे आणि त्याची दोन उत्तरं या वाटेच्या दोन टोकांना सापडतात. विनोबांनी गीतेचं मराठी पद्यात रूपांतर केलं ते ७ ऑक्टोबर १९३० ते ६ फेब्रुवारी १९३१ या चार महिन्यांत. १९३२ साली ती 'गीताई' छापून निघाली तेव्हा ते धुळ्याच्या तुरुंगात होते आणि तिथेच दर रविवारी गीतेवर बोलत होते; साने गुरुजी ते उतरवून घेत होते. त्याच गीतेचं गांधीजींनी केलेलं गुजराती भाषांतर, 'अनासक्तियोग', १२ मार्च १९३० रोजी, दांडीयात्रा निघाली त्या दिवशी प्रसिद्ध झालं. विनोबांनी छंद ठेवला, गांधीजींनी सोडला.

'अनासक्तियोग'ची प्रस्तावना जून १९२९ मधली, म्हणजे बारडोलीचा लढा मिटून वर्षही झालं नव्हतं तेव्हाची. ज्यांना अक्षरओळख बेताची आहे, मूळ संस्कृत वाचायला ज्यांच्यापाशी वेळ नाही, पण ज्यांना गीतेचा आधार हवा आहे, अशा बायका, व्यापारी, शूद्र यांच्यासाठी आपण हे करतो आहोत, असं गांधीजींनी तिथे स्पष्टच म्हटलं आहे. असा वाचक पाहायचा तर याच वाटेवर व्यारानंतर लागणाऱ्या बारडोली तालुक्याइतकं योग्य ठिकाण नाही. सारावाढीविरुद्धचा १९२८ चा सत्याग्रह, वल्लभभाईंना मिळालेलं सरदारपद, हे सगळं स्वराज आश्रमातल्या संग्रहालयात नीट मांडलेलं आहे आणि शाळेच्या पुस्तकातूनही सर्वांना ठाऊक आहे. डिसेंबर १९४१ मध्ये गांधीजी इथे मुक्कामाला आले. 'रचनात्मक कार्यक्रम' ही पुस्तिका त्यांनी इकडे येताना गाडीत लिहिली. आज गावाभोवती सगळा ऊस आहे. हंगामात डांग आणि खानदेशातून आलेल्या कोयतेवाल्यांची पालं शेतांच्या कडेला पडतात. हमरस्त्यालगतच्या लॉजवर मुक्काम करणाऱ्याला उसाच्या ट्रकांमुळे झोप मिळत नाही आणि खोल्यांच्या मानाने भाडंही जास्त आहे. पण हवेतला मळीचा वास आणि पहाटे कोयता खांद्यावर टाकून फडाकडे चाललेली माणसं पाहिली की प्रश्न एकदम हाताशी येतो. पोथी उघडायला ज्यांना सवड नाही, त्यांच्या तोंडी धर्मकाव्य राहायचं तर ते कोणत्या रूपात?

हाच प्रश्न अलेक्झांड्रियातल्या यहुद्यांपुढे इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या-दुसऱ्या शतकांत उभा होता. त्यांच्या पुढच्या पिढ्या ग्रीक बोलत होत्या आणि हिब्रू मागे पडत होती. टॉलेमी राजाने बाहत्तर पंडित बोलावले आणि त्यांनी फारोस बेटावर भाषांतर केलं, ही कथा नियमशास्त्रापुरती आहे; बायबलमधल्या, दाविदाच्या नावावरच्या स्तोत्रांचं भाषांतर बहुधा त्यानंतरचं आणि ते करणाऱ्यांची नावं कोणीच नोंदवली नाहीत. या ग्रीक स्तोत्रांना छंद नाही. शब्दांचा क्रम बराचसा हिब्रूचा आहे, वाक्यं ग्रीक कानाला ओबडधोबड लागतात. त्यावरून भाषांतरकारांना चांगलं ग्रीक येत नव्हतं, असा निष्कर्ष अनेकदा काढला गेला. तो मला मान्य नाही. ईयोबाच्या पुस्तकाचं ग्रीक भाषांतर पाहा: ते मोकळं आणि वाङ्मयीन आहे, मूळ हिब्रूपेक्षा सुमारे एक षष्ठांशाने लहान आहे. त्याच काळात यहेज्केल नावाच्या यहुदी कवीने मिसरातून सुटकेच्या कथेवर ग्रीक नाट्यछंदात नाटक लिहिलं. त्याच्या २६९ ओळी आजही उपलब्ध आहेत. फिलो नावाच्या दुसऱ्या एका यहुद्याने यरुशलेमवर होमरच्या छंदात महाकाव्य रचलं. सिबिलेच्या भविष्यवाण्यांतला मोठा भाग यहुद्यांनीच त्याच छंदात लिहिला. म्हणजे छंद येत होता. ग्रीकांना काही सांगायचं तेव्हा तो वापरलाही जात होता. फक्त देवाशी बोलताना तो बाजूला ठेवला गेला.

याचं एक कारण असं की छंद एकटा येत नाही. षट्पदी ग्रीक ओळ उच्चारली की होमर आठवणार, डेल्फीचा कौल आठवणार. नाट्यछंद म्हटला की डायोनिससचं रंगस्थळ. दाविदाच्या नावावरची प्रार्थना या चालीत बसवली असती तर देऊळ बदललं असतं. पण दुसरं कारण मला अधिक वजनदार वाटतं. हिब्रू कविता उभी असते ती जोडीवर. अर्ध्या ओळीत डोंगर आला की उरलेल्या अर्ध्या ओळीत टेकडी येते. एकदा म्हटलेलं किंचित वळवून पुन्हा म्हटलं जातं, किंवा उलटं करून समोर ठेवलं जातं. ऑक्सफर्डच्या रॉबर्ट लाउथने १७५३ साली ही गोष्ट व्यवस्थित मांडली. ही रचना अर्थाची आहे, अक्षरांची नाही, म्हणून ती भाषेची सीमा न मोडता ओलांडते. ग्रीक भाषांतरकारांनी वाक्यांचा क्रम हलवला नाही त्यामुळे जोड्या शाबूत राहिल्या आणि जोड्या राहिल्या म्हणून गायनही राहिलं.

यावर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. टोरांटोचे अभ्यासक आल्बर्ट पीटर्स्मा यांचं म्हणणं असं की ही ग्रीक स्तोत्रं मुळात स्वतंत्रपणे वाचण्यासाठी नव्हतीच. हिब्रू समजून घ्यायला शेजारी ठेवायचा तो शब्दशः आधार होता. पाठशाळेतल्या अन्वयार्थासारखं हे झालं. याला दुजोरा देणारा पुरावाही आहे: मंदिरातल्या गायकांच्या मुख्यासाठी लिहिलेली सूचना भाषांतरकारांनी 'शेवटापर्यंत' अशा अर्थाने नेली, म्हणजे मंदिराच्या संगीताची परिभाषा त्यांना उरली नव्हती. परिभाषेचं मी मान्य करतो. पण निव्वळ अन्वयार्थ लिहिणारा माणूस शब्दाला शब्द देतो आणि थांबतो. या भाषांतरकारांनी तसं केलं नाही. हिब्रू कवी देवाला वारंवार खडक म्हणतो. ग्रीक स्तोत्रांत त्या जागी 'देव' किंवा 'साहाय्यकर्ता' येतो. दगडाच्या मूर्तींनी भरलेल्या शहरात देवाला दगड म्हणायचं नाही, हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे. प्रतिमा बदलली, ओळीची घडण मात्र तीच ठेवली. कोणती गोष्ट सोडता येते आणि कोणती नाही, हे ज्याला कळतं तो नुसता मदतनीस नसतो. पुढच्या इतिहासाची साक्षही याच बाजूची आहे. अपोलिनारिसच्या नावावर असलेलं होमरच्या छंदातलं स्तोत्रांचं रूपांतर अभ्यासकांच्या कपाटात राहिलं; ग्रीक चर्चमध्ये आजतागायत गायली जातात ती जुनी, छंदविरहित स्तोत्रं.

मग गांधीजींनी छंद सोडला तेही याच न्यायाने बरोबर ठरतं का? अर्थासाठी, हो. 'अनासक्तियोग' वाचून माणूस विचार करू शकतो, त्याप्रमाणे वागायचा प्रयत्न करू शकतो आणि गांधीजींना तेच हवं होतं. पण गांधीजींच्या आश्रमांत संध्याकाळच्या प्रार्थनेला दुसऱ्या अध्यायातले शेवटचे १९ श्लोक म्हटले जात ते संस्कृतात. ज्यांनी गुजराती गद्य केलं त्यांच्याच प्रार्थनेत ते गद्य गायलं गेलं नाही. गीतेत जोडीचा कणा नाही. तिचा युक्तिवाद एका श्लोकातून दुसऱ्यात वाहत जातो आणि त्याला धरून ठेवते ती आठ-आठ अक्षरांच्या चार चरणांची चाल. भाषा बदलली की ही चाल आपोआप मागे राहते. तिला नव्या भाषेत पुन्हा उभं करावं लागतं. विनोबांनी ते मराठीत केलं, किशोरलाल मशरूवाला यांनी 'गीताध्वनि'त गुजरातीत केलं. अनुष्टुभ मुळात गीतेचाच असल्याने परका देवही सोबत आला नाही. अलेक्झांड्रियातल्यांनी छंद टाकला आणि विनोबांनी धरला, तरी दोघांनी राखलं ते एकच: मूळ काव्य ज्यावर उभं आहे ते.

उलट उदाहरण म्हणून फादर थॉमस स्टीफन्सचं नाव पुढे येईल. १६१६ साली गोव्यात साष्टीतल्या राशोल इथे छापलेल्या त्यांच्या 'क्रिस्तपुराणा'त बायबलची कथा मराठी ओवीत आली आणि गोव्यातल्या ख्रिस्ती लोकांनी ती पिढ्यान्पिढ्या गायली. परक्या छंदात धर्मकाव्य रुजत नाही म्हणता, मग हे कसं? यातला पहिला भाग असा की स्टीफन्स भाषांतर करत नव्हते. ते पुराण सांगत होते आणि कथेला सांगणाऱ्याची चाल लागते. दुसरा भाग असा की ओवी कुणा एका देवतेच्या मालकीची नव्हती. ती ज्ञानेश्वरांची होती तितकीच जात्यावरच्या बाईची होती. होमरच्या छंदाला ग्रीकांत अशी मोकळीक कधीच नव्हती. आणि हेच स्टीफन्स जेझुइट पाद्री म्हणून स्वतःची प्रार्थना म्हणत ती लॅटिन स्तोत्रांतून. बायबलचा लॅटिन भाषांतरकार जेरोम याने थेट हिब्रूवरून केलेलं स्तोत्रांचं दुसरं, अधिक नेमकं भाषांतर होतं. पण चर्चने प्रार्थनेसाठी ठेवलं ते ग्रीकवरून आलेलं. साष्टीतल्या त्या लॅटिन प्रार्थनेला छंद नव्हता आणि अलेक्झांड्रियातल्या निनावी भाषांतरकारांनी जपलेल्या जोड्या तिच्यात होत्या.