नर्मदेकाठचे मराठी ताट

जबलपूर स्थानकावरून घमापूरमार्गे सतपुल्याकडे निघालो की वाटेत कांचघर लागते. प्रवासी पुस्तकांत या वस्तीचे नाव सापडणार नाही. पाहायला येणारे लोक भेडाघाटला जातात, धुवांधार पाहतात, संगमरवराचा एखादा शंकर विकत घेतात आणि परततात. कांचघर हे राहणाऱ्यांचे आहे. कांच म्हणजे काच, पण वस्तीत काचेचा थाट कुठे नाही. चौकात भाजीच्या हातगाड्या, मंगोड्यांची कढई, सायकली-स्कूटरींची गर्दी. रेल्वेत आणि पुढच्या तोफगाडी कारखान्यात नोकरी केलेल्यांच्या पिढ्या या भागात वाढल्या. त्यात काही घरे मराठी आहेत. दारावरची पाटी हिंदीत, शेजाऱ्यांशी बोलणे हिंदीत. पण भाद्रपदात दारापासून देवघरापर्यंत रांगोळीची पावले उमटतात आणि घर ओळखू येते.

अशाच एका घरी सध्या एक वही लिहिली जात आहे. घरातल्या आजींचे वय अठ्ठ्याहत्तर. नागपूरहून लग्न होऊन त्या इथे आल्या. सूनबाई सिहोऱ्याच्या, माहेर हिंदी बोलणारे. नात पुण्यात नोकरीला. पुण्यात मैत्रिणींना तिने एकदा घरच्यासारखे जेवण करून घातले, तेव्हा एकजण हसून म्हणाली, "हे मराठी नाही गं, काहीतरी भलतंच आहे." मुलीच्या मनाला ते लागले. तिचे लग्न ठरते आहे. सासरी आपले म्हणून काय न्यायचे, हा प्रश्न तिला पडला आणि तिने फोनवर आजीला सांगितले, "आपल्याकडे जे जे होतं, ते सगळं मला लिहून हवं."

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. कारण 'आपल्याकडे' म्हणजे नेमके कुठे?

मराठी माणूस इथे कसा आला?

मराठी माणसाचे आणि नर्मदेच्या या खोऱ्याचे नाते जुने आहे. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याचे गोंड राज्य जिंकले. पुढे १७९८ पासून हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ मध्ये इंग्रजांच्या हाती गेला. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला, तेव्हा नागपूर त्याची राजधानी होती आणि जबलपूर त्याच प्रांतातले मोठे शहर. कारकून, शिक्षक, वकील, पोस्टमास्तर यांची बदली एका गावाहून दुसऱ्या गावी होणे हे घरातल्या घरात खोली बदलण्यासारखे होते.

१८७० मध्ये मुंबईहून येणारी आणि अलाहाबादहून येणारी आगगाडी जबलपूरला एकमेकींना मिळाली. १९०४ मध्ये तोफगाडी कारखाना उभा राहिला. रेल्वे आणि कारखाना यांनी आणखी माणसे आणली. गोंदियाहून सातपुड्यातून येणारी छोटी लाईन तर विदर्भाला थेट जबलपूरशी जोडत होती. २०१५ मध्ये ती रुंदीकरणासाठी बंद झाली आणि आता तिथून मोठी गाडी धावते. पण आजींच्या बोलण्यात अजून छोटी लाईनच आहे. माहेरची माणसे त्या गाडीने यायची, तेव्हा पिशवीत ज्वारीचे पीठ असायचे, कारण महालक्ष्म्यांच्या आंबिलीला लागणारे पीठ इथे मनासारखे मिळत नसे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्ये नव्याने आखली गेली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, जबलपूर मध्य प्रदेशात राहिले आणि राज्याचे उच्च न्यायालय इथे आले. कालपर्यंत एका प्रांतातली असलेली गावे दोन राज्यांत वाटली गेली. जी मराठी घरे जबलपुरात होती, ती जागच्या जागी परप्रांतीय झाली. मुले हिंदी शाळांत शिकली. मुक्तिबोधांच्या घरी दोन भाऊ कवी झाले. गजानन माधव हिंदीतले, शरच्चंद्र मराठीतले. एका घरात दोन भाषा सुखाने नांदू शकतात, याचे याहून चांगले उदाहरण कोणते?

रोडगे आणि गक्कड

भाषा शाळेत बदलते. जीभ मात्र स्वयंपाकघरात हळूहळू बदलते, आणि बदलल्याचे घरच्यांच्या लक्षातही येत नाही.

या घरातल्या रोजच्या ताटाकडे पाहा. वरण साधेच, हिंग-हळद-गुळाचे. पण तूरडाळ गाडरवाऱ्याची, कारण शेजारच्या नरसिंगपूर जिल्ह्यातली ही डाळ या भागात नावाजलेली. गूळ त्याच जिल्ह्यातल्या करेलीचा. हिवाळ्यात जबलपूरच्या आसपास मटाराचे इतके पीक येते की बाजार हिरवागार होतो. मग आजींच्या करंजीत ओल्या नारळाऐवजी मटार आला आणि तिथेच राहिला. उपासाला नागपुरात भगर होती. इथे सिहोऱ्याच्या तळ्यांतला शिंगाडा स्वस्त आणि ताजा. सूनबाईंच्या माहेरचाच तो. त्यांनी शिंगाड्याच्या पिठात बटाटा, दाण्याचे कूट आणि मिरची घालून थालीपीठ थापले. थापण्याची रीत सासूची, पीठ माहेरचे.

पण सगळ्यांत गंमत आहे ती गक्कडांची. नर्मदेच्या घाटावर सहलीला गेलेली जबलपूरची मंडळी गोवऱ्या पेटवतात. कणकेचे गोळे निखाऱ्यांवर भाजतात, वांगी भाजून त्यांचे भरीत करतात आणि भाजलेला गोळा फोडून त्यावर तूप ओततात. हे गक्कड-भर्ता. आजी पहिल्यांदा ग्वारीघाटावर गेल्या, तेव्हा नवी नवरी होत्या. सगळे अनोळखी, बोलणे समजायला जड. आणि समोर पानात हे आले. "अगं, हे तर आमचे रोडगे!" असे त्या मोठ्याने म्हणाल्या आणि सासरची मंडळी हसली. विदर्भात देवस्थानाच्या जेवणावळीत गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी असते. घडण थोडी निराळी, पण राखेचा वास, तूप आणि वांगे तेच. त्या दिवसापासून जबलपूर आपल्याला परके वाटले नाही, असे आजी सांगतात.

एकाच तिथीला दोन सण

सणांचेही तसेच. संक्रांतीला इथे तिळवारा घाटावर मेळा भरतो. तीळ लावून नर्मदेत स्नान करायचे आणि तिळाचे लाडू वाटायचे. मराठी घर तिळगूळ घेऊन त्यात सहज सामील होते. कोजागरीला मसाल्याचे दूध चंद्रप्रकाशात ठेवावे, तर त्याच शरद पौर्णिमेच्या सुमारास भेडाघाटला नर्मदा महोत्सव भरतो आणि संगमरवराचे कडे चांदण्यात न्हाऊन निघतात.

माघ शुद्ध सप्तमीचा योग तर फारच सुंदर. मराठी घरात ती रथसप्तमी. अंगणात गोवऱ्यांवर सूर्याच्या साक्षीने दूध उतू घालायचे आणि संक्रांतीपासून चाललेल्या हळदीकुंकवांचा तो शेवटचा दिवस. जबलपूरसाठी तीच नर्मदा जयंती. गल्लोगल्ली भंडारे लागतात, घाटावर नर्मदेला चुनरी अर्पण करतात आणि संध्याकाळी पाण्यात दिवे सोडतात. कांचघरच्या या घरात सकाळी दूध उतू जाते, दुपारी शेजारणी हळदीकुंकवाला येतात आणि संध्याकाळी त्याच सगळ्याजणी मिळून ग्वारीघाटावर दिवा सोडायला जातात. शेजारणींना वाण काय असते ते ठाऊक झाले आहे. काहीजणी तर आपल्या घरीही बोलावणे करू लागल्या आहेत.

मलाक्काच्या न्योन्या

अशी घरे जगात अन्यत्रही आहेत. मलाक्का, पेनांग आणि सिंगापूर इथे कित्येक शतकांपूर्वी चिनी व्यापारी येऊन राहिले. त्यांनी स्थानिक बायकांशी संसार थाटले. त्यांच्या वंशजांना 'पेरानाकान' म्हणतात. मलय भाषेतल्या या शब्दाचा अर्थ 'इथेच जन्मलेले'. त्यांच्यातला पुरुष 'बाबा' आणि स्त्री 'न्योन्या'. पूर्वजांची पूजा चिनी पद्धतीची, पण बोलणे मलय वळणाचे आणि रश्शात नारळाचे दूध, चिंच, गवती चहा. तिथेही पुढच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या, जुनी बोली मागे पडली. मग घराण्याची ओळख शोधताना अनेकांना ती सापडली आजीच्या स्वयंपाकघरात आणि नव्या वर्षाच्या ताटात. २००८ मध्ये सिंगापुरात त्यांच्या संस्कृतीचे संग्रहालयही सुरू झाले.

न्योन्यांच्या स्वयंपाकात 'आगाक-आगाक' असा एक शब्द आहे. अर्थ सरळ आहे, अंदाजाने! वाटी-चमच्याचे माप नाही. हाताला कळते, नाकाला कळते. आपल्या आयाआज्यांचे तरी काय वेगळे असते? मीठ किती, तर चवीपुरते. पाणी किती, तर मावेल तेवढे.

अंदाज हातासोबत जातो, ही मात्र अडचण. म्हणून वही.

वहीवरून वाद

गेल्या भाद्रपदात नात रजा काढून आली आणि महालक्ष्म्यांच्या तीन दिवसांत लिहायला बसली. आंबील, कढी, पुरणपोळी, सोळा भाज्या, देवीवर टांगायचा फुलोरा, त्यातली वेणी-फणी. आजी सांगतात, ती लिहिते. आजींचा हट्ट असा, की वहीत फक्त नागपूरची रीत यावी. "मटाराची करंजी लिहू नको. ती आपली नव्हे. लोक हसतील."

यावर सूनबाई, ज्या सासूसमोर सहसा बोलत नाहीत, त्या बोलल्या. "आई, तीस बरस मी तीच करंजी करते. मग ती कोणाची?"

थोडा वेळ कोणी काही बोलले नाही. या घरातला फुलोरा गेली कित्येक वर्षे सूनबाईच तळतात. आजींचे गुडघे गेले, तेव्हापासून आंबीलही त्याच ढवळतात. पाटीवर 'पुरनपोली' लिहिणारी ही बाई, कारण 'ळ' तिच्या हिंदीत नाही. पण पुरण कधी शिजले हे झाकण उघडण्याआधी वासावरून सांगते. नागपूरची रीत या घरात जिवंत आहे ती सिहोऱ्याच्या हातांमुळे. मलाक्कातही चिनी घराची चव टिकवणारे हात तिथल्याच मातीतले होते.

आजींनी शेवटी तोडगा काढला. वहीच्या डाव्या पानावर नागपूर, उजव्या पानावर जबलपूर. डावीकडे भगर, उजवीकडे शिंगाडा. डावीकडे रोडगे, उजवीकडे गक्कड. काही पदार्थांपाशी मात्र दोन्ही पाने सारखीच भरली. उजवी बाजू सूनबाईंनी स्वतःच्या अक्षरात लिहिली आहे. लिपी एकच, त्यामुळे नातीला वाचायला अडचण नाही.

आपल्यातल्या कितीतरी घरांना ही गोष्ट लागू पडेल. इंदूर, बडोदे, हैदराबाद, तंजावर, कुठेही गेलेले मराठी घर मूळ गावाशी ताडून पाहिले तर थोडे 'चुकीचे'च निघेल. पण ती चूक नसते. आपली माणसे तिथे राहिली, रुळली आणि त्यांना तिथल्यांनी आपले म्हटले, याची ती खूण असते. मूळ गावाची आठवण ठेवावी, पण वाटेत मिळालेले टाकून देऊ नये. आजी-आई आहेत तोवर एक वही घालावी. दोन्ही पानांची.

जाणार असाल तर

जबलपूर मुंबई-प्रयागराज लोहमार्गावर आहे. मुंबई आणि नागपूरहून थेट गाड्या आहेत. विमानतळ डुमना इथे. ग्वारीघाट शहरालगत, तिळवारा घाट नागपूर रस्त्यावर, तर भेडाघाट शहरापासून २० ते २५ किलोमीटर. पावसाळ्यात भेडाघाटची नौकासफर बंद असते. संक्रांत ते रथसप्तमी हा काळ उत्तम. बाजारात मटार असतो, तीळ असतात, आणि खव्याची काळपट, जाड जलेबी खाल्ल्याशिवाय परत यायचे नसते.

शिंगाड्याचे थालीपीठ

साहित्य : शिंगाड्याचे पीठ २ वाट्या, उकडलेले बटाटे २, दाण्याचे कूट अर्धी वाटी, हिरव्या मिरच्या ३, जिरे, मीठ, तूप.

कृती : बटाटे किसून पिठात मिसळावेत. कूट, वाटलेली मिरची, जिरे, मीठ घालावे. पाणी चमच्याचमच्याने घालावे, कारण हे पीठ लवकर चिकट होते. तूप लावलेल्या कागदावर थापून मधोमध भोक पाडावे आणि मंद आचेवर दोन्ही बाजूंनी तुपात खरपूस भाजावे. दह्याबरोबर गरम वाढावे.